भिकूचा चरक

रेवदंड्याच्या बंदरावर मी हमाली केली. ओझे समोर आले की हमाल दोन गोष्टी बघतो. वजन किती, आणि धरायचे कुठे. भिकू कोळ्याचे पहिले यंत्र मचव्यातून उतरवले तेव्हा वजन लगेच कळले, धरायची जागा सापडेना. तांब्याचे गोल पिंप, लग्नात पाणी तापवायच्या हंड्याच्या दुप्पट. खाली बिडाचे चार पाय. वर एका बाजूला चरक बसवलेला. उसाच्या रसाचा असतो तसाच, पण त्याच्या लाटा, म्हणजे एकमेकांवर फिरणारे दोन रूळ, रबराच्या होत्या, पांढऱ्या. सगळे मिळून तीन मणांच्या आसपास. पिंप गुळगुळीत, आणि चरकाला हात लावायचा नाही अशी भिकूची ताकीद.

ओहोटी लागली होती. मचवा चिखलात टेकला होता.

"चरकाला धरू नका रं! पायाला धरा!" भिकू वरून ओरडत होता. त्याच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते.

"पाय गेले चिखलात. आता धरू कशाला, तुज्या बापाला?" भागोजी म्हणाला. भागोजी आमच्या टोळीचा मुकादम.

शेवटी चिखलावर होडीच्या फळ्या टाकल्या, पिंपाला काथ्याचा दोर दिला आणि यंत्र उभेच सरकवत नेले. मागची फळी उचलायची, पुढे टाकायची. माणूस मांडीपर्यंत रुतत होता. धक्क्याला लागलो तोवर पाणी परत फिरले होते.

धक्क्यावर पाट्या घेऊन बाया उभ्या होत्या. त्यात भिकूची बायको सोनूबाई. मासळी बाजारात तिच्या शेजारी बसणारी वेणूबाई तिला म्हणाली, "काय गो सोनू, नवऱ्यानं मुंबईसून काय आनलं?"

"सवत," सोनूबाई म्हणाली. "तांब्याची हाय. खायाला मागत न्हाय, येवढं बरं."

सगळा धक्का हसला. भिकूही हसला. देश स्वतंत्र झाला त्यानंतरच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट.

भिकूच्या बापाची होडी वादळात गेली, म्हणून भिकू लहान वयात मुंबईला गेला होता. तिथे एका साहेबाच्या मोठ्या धुलाईखान्यात लागला. आगबोटींच्या चादरी, हॉस्पिटलांच्या चादरी, हॉटेलांचे टेबलावरचे कपडे, सगळे तिथे यायचे. भिकूचे काम तेलपाण्याचे. हातात लांब नळीची तेलाची बुधली घ्यायची आणि जिथे लोखंड लोखंडावर फिरते तिथे थेंब सोडायचा. पट्टे दुसऱ्याकडे, बॉयलर तिसऱ्याकडे, रबर चौथ्याकडे. आपल्या कामाला भिकू चोख होता.

कपडे पिळायला तिथे चरकाखेरीज दुसरेही एक यंत्र होते. बिडाच्या कोठीत भोकाभोकांचे तांब्याचे पिंप. ओले कपडे आत टाकायचे, झाकण लावायचे, पट्टा चढवला की पिंप गरगरा फिरते आणि पाणी भोकांतून बाहेर उडते. पट्टा उतरवल्यावरही ते बराच वेळ फिरत राहते. एकदा ते थांबायच्या आधी झाकण उघडले गेले. आतल्या चादरीने भिकूचा हात ओढून घेतला. उजव्या हाताची मधली तीन बोटे गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

तोवर साहेब विलायतेला निघाला होता. धुलाईखाना दुसऱ्याने घेतला, जुनी यंत्रे भंगारात काढली. नव्या मालकाने विचारले, हाताच्या बदल्यात काय पाहिजे. भिकू म्हणाला, ते हाताने फिरवायचे, कपडे धुवायचे यंत्र द्या. ते कोपऱ्यात पडले होते, मालकाला जागा रिकामी हवी होती. असे ते रेवदंड्याला आले.

एवढ्यावर थांबला असता तर लोक विसरले असते. पण भिकूला नाद लागला. तुटक्या हाताने जाळे ओढता येत नाही, म्हणून तो भाड्याच्या मचव्यांवर पाणी उपसायला आणि स्वयंपाकाला जायचा. मुंबईला गेला की भंगारवाल्यांकडे फिरायचा. दुसरे यंत्र अलिबागेकडच्या एका साहेबाच्या रिकाम्या बंगल्यातून आले, त्याच्या पत्र्याचा भुगा झाला होता. तिसरे एका आगबोटीवरचे. चौथ्याला पायच नव्हते. आणि एके वर्षी त्याने ते भोकाभोकांचे, फिरून सुकवणारे यंत्रही आणले. हात गेला तेच, का तसले दुसरे, ते मी विचारले नाही. ते उतरवायला आठ माणसे लागली.

घरामागे त्याने माडाच्या झापांची पडवी काढली आणि सगळी यंत्रे तिथे मांडली. एकेकावर वर्ष वर्ष काम केले. गंज काढायचा तो नारळाच्या किशीने आणि वाळूने, पाणी न लावता. तांबे उजळायचे ते आमसुलाच्या पाण्याने. आत कपडे घुसळायला लाकडी पंजा असतो, त्याचे दांडे रामचंद्र सुताराकडून शिवणीच्या लाकडाचे करून घेतले. गंजून अडकलेला स्क्रू काढायला तो सकाळपासून बसे. अंगठ्यात आणि करंगळीत पाना धरता येत नाही, म्हणून पाना तळहातावर फडक्याने बांधायचा आणि खांद्याने जोर द्यायचा. मी ते बघितले आहे. जे काम धड माणूस तासाभरात करील त्याला त्याचा दिवस जायचा. पण स्क्रूचे डोके त्याने कधी बिघडवले नाही.

लोक बघायला येत. भिकू पिंपात पाणी आणि साबण टाकून दांडा ढकलायचा, मग धोतराचे टोक चरकात द्यायचा आणि तळहाताने मूठ फिरवायचा. पलीकडून धोतर पापडासारखे चपटे बाहेर येई. लोक वा म्हणत आणि घरी जात. कोळीवाड्यात वीज नव्हती, नळ नव्हता, आणि कपडे धुवायला घरोघर बायका होत्या. सोनूबाईने स्वतःचे लुगडे त्यात एकदाही टाकले नाही.

"माज्या हाताला काय झालंय?" ती म्हणायची. "माजं धुनं मी धुईन. तुजं भंगार तू धू."

तिचे हात खरेच तसे होते. वीस वर्षे पाटी उचललेले. विहिरीवर ती लुगडे पिळायची तेव्हा शेवटचा थेंब निघेपर्यंत सोडायची नाही. तोंडही तसेच. बाजारात तिच्याशी भाव करायला गिऱ्हाईक घाबरायचे.

अठ्ठावन्न साली दिवाळीनंतर सोनूबाई बाजारात बसल्या जागी कलंडली. उजव्या अंगावरून वारे गेले. चार जणांनी उचलून घरी आणली, त्यात मी होतो. जिवंत माणूस, पण अर्धे अंग पाण्याने भरलेल्या पोत्यासारखे खाली लोंबत होते.

वाचा शाबूत राहिली. उजवा हात, उजवा पाय गेला. आणि अंथरुणात लघवी कळेनाशी झाली.

त्यांना मुलगी एकच, केसर. ती श्रीवर्धनला दिलेली. ती येऊन महिनाभर राहिली, आईचे सगळे केले. पण तिला दिवस गेले होते, सासरचे न्यायला आले. ती गेली त्या दिवशी सोनूबाईने भिकूला जवळ बोलावले. मी बाहेर लाकडे फोडत होतो, मला ऐकू आले.

"एकवीरा आईची आन घे."

"कशाची?"

"माजं हे अंथरुनाचं धुनं घराबाहेर जायाचं न्हाय. दुसऱ्या बाईच्या हाताला लागायचं न्हाय. वेनूच्या तर न्हायच न्हाय. ती म्हनल, सोनूचा माज उतरला."

"वेनू तसली न्हाय गो."

"आन घेतंस का न्हाय?"

भिकूने आण घेतली.

घरातले बाकी काम त्याला येत होते. तिला कूस बदलवणे, पुसणे, भरवणे. मचव्यावरची कामे सोडून तो घरात राहिला. केसरच्या घरून तांदूळ येई, मी चूल पेटेल एवढी लाकडे टाकी. अडचण एकच होती. सोनूबाईच्या अंगाखाली जुन्या लुगड्यांच्या घड्या आणि वर चादर असायची. ती दिवसातून कितीदा तरी बदलावी लागे. धुणे भिकूला जमे, पिळणे जमेना. ओले कापड पिळायला बोटे लागतात. एक टोक खांबाला बांधले तरी दुसरे टोक धरून फिरवावे लागते, आणि भिकूच्या हातातून ते निसटायचे. डाव्या हाताने एकट्याने नऊवार पिळून बघावे, म्हणजे कळेल.

तेव्हा ते पहिले यंत्र कामाला आले. ते आता ओटीवरच आणून ठेवले होते. भिकू सकाळी पिंप भरायचा, दांडा ढकलायचा, चरकातून लुगडी काढायचा. लाटांना वरून एक मोठा स्क्रू असतो, तो आवळला की दाब वाढतो. निघालेले कापड हाताला जेमतेम ओलसर लागे. मूठ फिरवायला बोटे लागत नाहीत, तळहात पुरतो. थंडीत आणि उन्हाळ्यात वलणीवर टाकले की लगेच वाळायचे. तिच्या पाठीला एक चट्टा पडला नाही. दवाखान्यातला डॉक्टर एकदा येऊन गेला तर म्हणाला, "पाठ अशीच कोरडी ठेवा. ओल राहिली की कातडी जाईल, आणि एकदा गेली की भरून येणार नाही."

सोनूबाई आतून म्हणाली, "डाक्टर, माज्या सवतीला बगितलं काय? लई कामाची निघाली."

वैशाख संपत आला आणि भिकू पावसाच्या तयारीला लागला. कोकणात चार महिने वलणीवर कापड वाळत नाही. चुलीवर दोरी बांधून वाळवायचे, ते चरकातून नीट पिळून निघाले तरच. म्हणून ते यंत्र बंद पडून चालणार नव्हते. खारे वारे लोखंड खाते. लाटांच्या पांढऱ्या रबरावर उन्हाने बारीक भेगा दिसू लागल्या होत्या, ताणलेल्या कातडीवर दिसतात तशा.

कोळीवाड्यात त्या दिवसांत सगळेच तेल लावत असतात. होड्या वर ओढायच्या, खरवडायच्या, मुशी माशाच्या काळजाचे तेल कढवून फळ्यांना चोपडायचे, मग झापांनी शाकारून ठेवायच्या. ते तेल पाणी आत शिरू देत नाही, भेगा बुजवते, लाकूड मऊ ठेवते. वास उग्र असतो, पण कोळीवाड्यात तो कुणाच्या नाकाला लागत नाही. भिकूने आयुष्यभर होड्यांना तेल लावलेले बघितले होते, आणि मुंबईला त्याचे कामच तेलाचे होते. त्याने भांडेभर तेल कढवले. पहिल्या यंत्राला लावले: पायांना, दात्यांना, स्क्रूला, आणि लाटांना. लाटांना जास्त, कारण भेगा तिथे होत्या. फडक्याने जिरवून जिरवून लावले. मग उरलेल्या तेलात मागच्या पडवीतली सगळी यंत्रेही चोपडून घेतली. हयगय त्याने कधी केली नव्हती, त्या दिवशीही केली नाही.

पाऊस लागला. पहिले काही आठवडे ठीक गेले. चरक आधीपेक्षा मऊ फिरत होता. भिकू खूश होता. मग एके दिवशी चादरीवर काळपट पट्टे आले. त्याला वाटले मळ असेल. मग लुगड्याचे टोक लाटेला चिकटून तिच्याभोवती गुंडाळू लागले. भिकूला वाटले तेल कमी पडले, म्हणून त्याने पुन्हा तेल लावले. खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

आषाढात मोरू घरी आला. मोरू कोळीवाड्यातलाच, धरमतरच्या लाँचवर फिटर होता. तो ओटीवर आला, लाटेवर अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा उठला आणि तसाच राहिला.

"भिकूदादा, याला काय लावलंस?"

"मुशीचं तेल."

"रबराला? कोनी सांगितलं?"

"होडीला लावतो की."

"होडी रबराची हाय काय?" मोरू म्हणाला. म्हणाल्यावर त्याला वाईट वाटले असावे, कारण तो खाली बसला. "तेल रबराला खातं, दादा. आमी रबराच्या वायसरला खडूची पूड लावतो. तेल लागलं की गूळ होतो त्येचा."

"मुंबईला रबराचं काम माज्याकडं न्हवतं," भिकू म्हणाला.

मग तो उठला आणि पावसातून मागच्या पडवीत गेला. दुसऱ्या यंत्राच्या लाटा सोडवून आणल्या. मोरूच्या पुढे ठेवल्या. मग तिसऱ्याच्या आणल्या, मग चौथ्याच्या. मोरूने कशालाच हात लावला नाही. लावायची गरज नव्हती. ज्या फडक्यात त्या आणल्या होत्या त्याचे धागे रबरात रुतले होते.

"मुंबईत बगतो," मोरू म्हणाला. पुढे त्याने खरेच चौकशी केली, आणि निरोप पाठवला की असली रबरे आता कुणाकडे नाहीत.

पण ते पुढे. धुणे त्याच दिवशी समोर पडले होते.

रामचंद्र सुताराने लाकडाच्या लाटा कातून दिल्या. लाकूड लाकडावर दाबले तर ओले कापड मध्ये पकडले जात नाही, लाटा नुसत्या घसरतात. स्क्रू आणखी आवळला तर लुगडे चर्रकन फाटले. त्यावर भिकूने गोणपाट गुंडाळून बघितले. गोणपाट पाणी पिऊन फुगले आणि तेच पाणी परत कापडाला दिले.

मग उरले ते फिरून सुकवणारे यंत्र. भिकूने ते आणल्यापासून पुसले होते, तेल घातले होते, पण फिरवले कधी नव्हते. त्याला पट्टा लागतो, पट्ट्याला इंजिन लागते. आम्ही दोर घेतला. खालच्या चाकाला लांब दोर गुंडाळायचा आणि त्याचे टोक धरून अंगणातून पळत सुटायचे, असे ठरले. भोवरा फिरवतात तसे. मी आणि भागोजी दोराला. भिकूने आत दोन लुगडी टाकली, झाकण लावले, कडी घातली आणि दूर उभा राहिला. हात पाठीमागे.

पहिल्या ओढीला आम्ही चिखलात पडलो. दुसऱ्या ओढीला पिंप हलले. तिसऱ्या वेळी पायाखाली नारळाच्या झावळ्या टाकल्या आणि दोर खांद्यावरून घेतला. पिंप फिरले. कोठीच्या तोटीतून पाणी आले, तांब्याभर तरी. आम्ही परत गुंडाळला, परत पळालो. आजूबाजूची माणसे ओट्यांवर येऊन बघत होती.

"भागोजी, बैल हाय काय रं तू?" कुणीतरी ओरडले.

"बैलाला पेंड तरी मिळते," भागोजी म्हणाला.

पिंप पूर्ण थांबले तरी भिकू झाकणाजवळ गेला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू उघड." मी उघडले. लुगडी अर्धी तरी सुकली होती. भिकूने ती गालाला लावून बघितली आणि तशीच आत चुलीवर नेली. दोन लुगड्यांना दोन माणसांचा घाम. पण काम होत होते, हे खरे.

दुसऱ्या दिवशी आम्ही परत आलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मग एकदा दोर ओढला आणि मधेच गच्च झाला. भागोजी पाठीवर आपटला. खालच्या बेअरिंगचे छर्रे फुटून दांडा अडकला होता, आणि आमच्या ओढीने त्याला बाक आला होता. वाकलेला दांडा सरळ करायला लोहाराची भट्टी आणि लेथ लागते. अलिबागेला न्यायचे तर आधी ती कोठी उचलायची, आणि त्या पावसात बैलगाडी वाटेतल्या आक्षीच्या पुढे जात नव्हती. आम्ही दोर गुंडाळून ठेवला.

त्यानंतर भिकू हाताने पिळू लागला. टोक खांबाला, दुसरे टोक डाव्या मनगटाला वेढून, सगळे अंग फिरवून. मनगटाची साल निघाली. पाणी निघायचे ते थोडेच. लुगडी चुलीवर दिवसभर वाफाळत राहायची आणि तरी आतून ओली. तशीच तिच्या अंगाखाली घालावी लागत. श्रावण लागायच्या आत तिच्या कमरेवर पहिला चट्टा पडला. मग तो फुटला.

वेणूबाई रोज बाजारातून येताना दाराशी थांबायची. "भिकूदादा, धुनं द्या माज्याकडं. कोनाला सांगत न्हाय." भिकू नकाराची मान हलवायचा. आतून सोनूबाई विचारायची, "कोन हाय?" आणि तो म्हणायचा, "कोन न्हाय."

मग भिकूच्या एक गोष्ट ध्यानात आली. घड्या कमी भिजू लागल्या होत्या. त्याला आधी बरे वाटले. मला म्हणालासुद्धा, "उतार पडतोय." मग त्याने तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या बघितला. सकाळी भरलेला, तसाच भरलेला. पेज दिली की ती वरचे पाणी ओतून द्यायला सांगे. तोंडाला कोरड पडली की ओठ पुसून घ्यायची, गिळायची नाही.

"पानी का पीत न्हायस?"

"तहान न्हाय."

"ओठ फुटलेत तुजे."

"पानी प्यालं की भिजतं," ती म्हणाली. "तू पिळनार कसं? मी बगतंय तुजं मनगट."

तिला ताप आला. डॉक्टर छत्री घेऊन आला, पाठ बघितली, जीभ बघितली. बाहेर येऊन भिकूला म्हणाला, "पाणी गेलेच पाहिजे पोटात. भरपूर. आणि अंथरूण कोरडे पाहिजे. नाहीतर मला काही करता येणार नाही."

"दोन्ही?" भिकूने विचारले.

"दोन्ही."

डॉक्टर गेला. भिकू ओटीवर यंत्राशेजारी उभा राहिला. लाटांचे रबर आता स्वतःच्या वजनाने खाली ओघळत होते. त्याने मूठ उगाच एकदा फिरवली. मग मला म्हणाला, "काळू, आईची आन मोडली तर कोनाला लागते? मोडनाऱ्याला का जिच्यासाटी घेतली तिला?"

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

"मला लागली तर चालल," तो म्हणाला, आणि डोक्यावर इरले घेऊन वेणूबाईच्या घरी गेला.

वेणूबाई लगेच आली. पदर खोचला आणि सरळ आत शिरली. मी ओटीवरच थांबलो. आतून एकही शब्द आला नाही. सोनूबाईच्या तोंडून शिवी येईल अशी मी वाट बघत होतो, शिवी आली असती तर बरे झाले असते. वेणूबाई घड्या घेऊन बाहेर आली तेव्हा मला आत दिसले. सोनूबाईने डाव्या हाताने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

पिंपात पाणी होते. वेणूबाईने तिथेच धुतले. मग चादरीचे एक टोक भिकूच्या हातात दिले आणि दुसरे टोक स्वतः पिळायला लागली. भिकूने दोन्ही हातांनी धरले, दात आवळले, पाय रोवले. अर्धा पीळ पडला आणि चादर त्याच्या हातातून सुटून ओटीवर पडली. तिने उचलून खळबळली, पुन्हा दिली. पुन्हा सुटली.

"सोडा, भिकूदादा," ती म्हणाली. "मी बांधते."

तिने टोक खांबाला बांधले आणि दुसरे टोक धरून पीळ घातला. एकदा, दोनदा, मग खांदा टाकून. पाणी धारेने पडले, मग थेंबांनी, मग बंद झाले. एकेक लुगडे तसेच. भिकू बाजूला उभा होता. एकदा पुढे झाला, वाळत घालायला म्हणून, तर तिने ते खांद्यावर टाकून नेलेसुद्धा. चुलीत लाकूड सारले, दोरीवर पसरले, आणि तोवर आपल्या घरून आणलेली कोरडी घडी सोनूबाईच्या अंगाखाली घातली. हे सगळे तिने इतक्या लवकर केले की आम्हाला बाजूला व्हायलाही वेळ मिळाला नाही.

ती निघाली, उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा आतून आवाज आला. फार दिवसांनी बोलावे तसा, घोगरा.

"वेनू."

"काय गो?"

"पानी दे."

भिकू तांब्याजवळच होता. त्याने तांब्या उचलला.

"तू नको," सोनूबाई म्हणाली. "वेनू देईल."

वेणूबाईने भिकूच्या हातातून तांब्या घेतला. सोनूबाईची मान वर उचलून धरली आणि तोंडाला लावला. ती प्यायली. अर्धा तांब्या प्यायली, थांबली, श्वास घेतला, आणि पुन्हा प्यायली. भिकू बघत होता. तांब्या रिकामा झाल्यावर वेणूबाईने तो भरून आणायला त्याच्या हातात दिला. तांब्या घेऊन भिकू बाहेर आला, माझ्याकडे न बघता, पावसात विहिरीकडे गेला.